एरंडोल : दहा निवडणुका, पाच खासदार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लोकसभेच्या कामकाजाचे जुने इतिवृत्त चाळताना एक गोष्ट सहज नजरेत भरते. बोलणाऱ्या सदस्याच्या नावापुढे कंसात त्याच्या मतदारसंघाचे नाव छापलेले असते. सदस्य बदलतात, पक्ष बदलतात, कंसातले नाव मात्र वर्षानुवर्षे तेच राहते. १९७७ ते २००९ या काळातल्या इतिवृत्तांत असे एक नाव अधूनमधून भेटते : एरंडोल. त्यानंतर ते भेटत नाही. २००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना अमलात आली आणि लोकसभेच्या यादीतून एरंडोलचे नाव निघून गेले.

मंडळी, मतदारसंघ म्हणजे काही किल्ला नव्हे की पडल्यावर त्याचे अवशेष राहावेत. त्याची वेस नसते, दरवाजा नसतो. तो असतो सरकारी राजपत्रात आणि लोकांच्या बोलण्यात. त्यामुळे तो गेला की लवकर विसरला जातो. आज विशी-पंचविशीत असलेल्या आपल्या भागातल्या मुलाला विचारा, एरंडोलचे खासदार कोण होते? तो म्हणेल, एरंडोलला तर आमदार असतो. त्याचे बरोबरच आहे. पण त्याच्या आजोबांनी मत दिले ते एरंडोलच्या खासदारासाठी, आणि त्या मतांचा इतिहास मोठा बोलका आहे.

मुळात एवढ्या मोठ्या मतदारसंघाला एरंडोलचे नाव मिळाले याचेच नवल वाटते. अमळनेरला प्रताप मिल होती, तत्त्वज्ञान मंदिर होते, साने गुरुजींचे नाव होते. चाळीसगाव रेल्वेचे जंक्शन. एरंडोल हे मुंबई-नागपूर हमरस्त्यावरचे जुने तालुक्याचे गाव, पांडववाड्यासाठी आणि जवळच्या पद्मालयाच्या गणपतीसाठी ओळखले जाणारे. रेल्वे काही तिथे आली नाही. तरी दिल्लीच्या सभागृहात तीन दशके अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या सगळ्या टापूची ओळख एरंडोल या नावानेच होती.

आता थोडे मागे जाऊ. एका प्रदेशातून एक प्रतिनिधी पाठवायचा, ही पद्धत आपल्याकडे इंग्रजांनी आणली. त्यांच्या देशात परगणे आणि शहरे आपापले प्रतिनिधी पाठवीत. तोच साचा त्यांनी इथे बसवला, पण त्यात आपल्या समाजाची चिरफाड करून. १९१९ च्या कायद्यानंतर मुंबई कौन्सिलसाठी जे मतदारसंघ आखले गेले त्यांत पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे जिल्हे होते, पण त्यांच्यापुढे 'बिगर-मुस्लिम, ग्रामीण' अशी चिठ्ठी डकवलेली होती. मुसलमानांचे मतदारसंघ निराळे. आणि ग्रामीण म्हटले तरी मत कोणाला? ठराविक रकमेच्या वर शेतसारा भरणाऱ्याला. म्हणजे ज्याच्या नावावर बऱ्यापैकी जमीन, तोच मतदार. सालदार, शेतमजूर, सातपुड्यातला भिल्ल, पावरा यांना त्या ग्रामीण मतदारसंघात जागाच नव्हती. १९३५ च्या कायद्याने मतदार वाढले, पण सर्वांना मत मिळाले नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि राबणाऱ्यांत साने गुरुजी व धनाजी नाना चौधरी. ते अधिवेशन प्रांतिक निवडणुकीच्या तोंडावर भरले होते हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. शेतकऱ्याच्या प्रश्नांवर तिथे जो कार्यक्रम ठरला तो त्या अर्थाने निवडणुकीचाही कार्यक्रम होता. आणि तो ऐकायला जमलेल्या माणसांपैकी कित्येकांना मतच नव्हते.

ते मिळाले १९५२ च्या निवडणुकीत. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, बाईला आणि पुरुषाला. लिहितावाचता येणारे थोडे, म्हणून पहिल्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, पेटीवर निशाणी डकवलेली. मतदाराने आत जाऊन आपल्या पेटीत कागद टाकायचा. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, प्रजासमाजवाद्यांची झोपडी. खेड्यात पक्षाचे नाव चालायचे नाही, निशाणी चालायची. पुढे काँग्रेसची बैलजोडी गेली, गाय-वासरू आले, मग १९८० ला हात. जनसंघाची पणती १९७७ ला जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यात विरली आणि १९८० नंतर कमळ झाली. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आयुष्यभर एकाच पक्षाला मत दिले म्हटले तरी त्याला तीन-तीन चित्रे नव्याने ओळखावी लागली.

१९५२ ला जळगावातून हरी विनायक पाटसकर निवडून आले. घटना समितीत बसलेला हा कायदेपंडित, हिंदू विवाह आणि वारसा यांचे कायदे संसदेतून पार नेण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते आपल्या जळगावचे खासदार होते. भुसावळहून शिवराम रंगो राणे गेले.

त्यानंतरच्या १९५७ च्या निवडणुकीत खानदेशाने जे केले ते मला आजही फार मजेशीर वाटते. पूर्व खानदेशाने पाठवले नौशेर भरूचांना. मुंबईचे पारशी वकील, अपक्ष. कापसाच्या आणि केळीच्या मुलखाने एका मुंबईकर पारशाला दिल्लीला पाठवले! आज जात, पोटजात आणि तालुका पाहून उमेदवार ठरवणाऱ्यांनी हे जरा आठवावे. अर्थात तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा काळ होता, काँग्रेसवर लोकांचा राग होता, आणि त्या रागात माणसाचे गाव कोणी विचारत नव्हते.

त्याच वर्षी धुळ्यातून उत्तमराव लक्ष्मणराव पाटील निवडून आले, जनसंघाचे. साऱ्या देशात त्या वेळी जनसंघाचे चारच खासदार होते. दोन उत्तर प्रदेशातले, त्यांत बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी हे एक. उरलेले दोन त्या वेळच्या मुंबई राज्यातले : रत्नागिरीचे प्रेमजीभाई आसर आणि धुळ्याचे उत्तमराव. जनसंघ संयुक्त महाराष्ट्र समितीत होता, त्याचा हा परिणाम. वाजपेयींची लोकसभेतली ही पहिलीच खेप, आणि त्यांच्या चार जणांच्या बाकावर एक खानदेशी पाटील.

इथे एक खुलासा करतो, कारण आपल्याकडे हा घोळ नेहमी होतो. खानदेशात उत्तमराव पाटील दोन. एक डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील, स्वातंत्र्यसैनिक, १९४४ मध्ये चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला त्यातले, लीलाताईंचे पती. दुसरे हे, वकील, जनसंघाचे. दोघांचे मार्ग निराळे, विचार निराळे. या दुसऱ्या उत्तमरावांना ध्यानात ठेवा, ते एरंडोलच्या गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

१९६० ला महाराष्ट्र झाला. पूर्व खानदेशाचे नाव जळगाव झाले, पश्चिम खानदेशाचे धुळे. समितीचा जोर ओसरला. धुळ्यातून चुडामण पाटील काँग्रेसच्या निशाणीवर पुन्हा पुन्हा निवडून येत राहिले. हा काळ फार खोलात जाऊन सांगण्यासारखा नाही, काँग्रेस उभी राहायची आणि निवडून यायची.

मग आले १९७७. १९७१ च्या जनगणनेवरून मतदारसंघ नव्याने आखले गेले, महाराष्ट्राच्या लोकसभेच्या जागा ४८ झाल्या, आणि एरंडोल हे नाव मतपत्रिकेवर आले. आणीबाणी शिथिल झाली होती, पण मतदान होईपर्यंत अधिकृतपणे उठली नव्हती. नव्या मतदारसंघाने पहिलाच खासदार निवडला तो जनता पक्षाचा, सोनूसिंग धनसिंग पाटील. मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात ते गृहखात्याचे राज्यमंत्री झाले. शेजारच्या धुळ्याने मात्र त्याच निवडणुकीत काँग्रेसच्या विजय नवल पाटलांना निवडले.

पुढच्या निवडणुकीला धुळे लोकसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. विजय नवल पाटील १९८० ला एरंडोलला आले आणि जिंकले. १९८४ ला पुन्हा जिंकले. इंदिरा गांधींच्या सरकारात ते दळणवळण खात्याचे उपमंत्री होते. टपाल आणि टेलिफोन त्या खात्याकडे. ट्रंककॉल लावून तासन्‌तास वाट पाहण्याचे ते दिवस ज्यांना आठवतात, त्यांना त्या खात्याच्या मंत्र्याकडे किती लोक चिठ्ठ्या घेऊन जात असतील याची कल्पना येईल.

१९८९. बोफोर्सचे वर्ष. भारतीय जनता पक्षाने एरंडोलला उमेदवारी दिली ती उत्तमराव लक्ष्मणराव पाटलांना, आणि ते निवडून आले. धुळ्याहून पहिल्यांदा लोकसभेत गेल्याला तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. मधल्या काळात ते शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्री होते, भाजप स्थापन झाल्यावर त्या पक्षाचे महाराष्ट्रातले पहिले प्रदेशाध्यक्ष होते. १९५७ ला पक्षाचे चार होते, १९८९ ला पंच्याऐंशी. ज्याने चारांत बसून पाहिले त्याला पंच्याऐंशींत बसून काय वाटले असेल? ती लोकसभा दोन वर्षेही टिकली नाही. १९९१ ला विजय नवल पाटील परत आले. १९९६ ला भाजपचे अण्णासाहेब एम. के. पाटील निवडून आले आणि १९९८, १९९९, २००४ अशा आणखी तीन वेळा आले. वाजपेयींच्या सरकारात ते ग्रामविकास खात्याचे राज्यमंत्री झाले. २००७ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसचे वसंतराव जीवनराव मोरे. इथे यादी संपते.

नऊ सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक, अशा दहा. माणसे पाच, त्यांतले चार पाटील. बाई एकही नाही. पाचांपैकी तिघे दिल्लीत मंत्री झाले. एका ग्रामीण मतदारसंघासाठी हे थोडे नाही. आता मंत्री होऊन मतदारसंघाच्या हाती काय पडले, हा प्रश्न विचाराल तर अमळनेरचा शेतकरी तुम्हांला तापीवरच्या पाडळसरे धरणाकडे बोट दाखवील. निवडणूक आली की त्या धरणाची आठवण व्हायची. मतदारसंघ संपला तेव्हाही धरण अपुरेच होते.

या यादीशेजारी दिल्लीच्या सरकारांची यादी मांडली तर गंमत दिसते. १९७७ जनता, एरंडोल जनता. १९८० इंदिरा गांधी, एरंडोल काँग्रेस. १९८४ राजीव, एरंडोल काँग्रेस. १९८९ विश्वनाथ प्रताप सिंहांचे सरकार, भाजपचा बाहेरून पाठिंबा, एरंडोल भाजप. १९९१ नरसिंह राव, एरंडोल काँग्रेस. १९९६ वाजपेयींचे तेरा दिवस, १९९८ आणि १९९९ पुन्हा वाजपेयी, एरंडोल भाजप. १९८९ आणि १९९६ ला हे जुळवताना थोडी ओढाताण होते हे मला मान्य आहे. तरीही १९९९ पर्यंत निवडणुकीनंतर जे सरकार पहिल्यांदा उभे राहिले, त्याच्या बाजूचाच खासदार एरंडोलने दिला होता असे म्हणता येते.

यावरून एरंडोलचा मतदार वारा पाहून मत देतो असे म्हणणारे म्हणतील. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण १९९८. त्या वर्षी महाराष्ट्रात वारा उलटा होता. काँग्रेसने राज्यात ३३ जागा जिंकल्या, भाजपला मिळाल्या फक्त चार. त्या चारांत एक एरंडोल होती. नुसता वारा पाहणारा मतदारसंघ असता तर राज्यभर चाललेल्या त्या वाऱ्यात तोही वाकला असता.

आणखी एक पुरावा शेजारच्या जळगाव मतदारसंघाचा. जिल्हा एक, बाजार एक, एसटीचा आगारही एक. पण १९८९ ला एरंडोलने भाजप निवडला तेव्हा जळगावने काँग्रेसच्या यादव शिवराम महाजनांना निवडले. १९९१ ला एरंडोल काँग्रेसकडे परतले, तर जळगाव भाजपच्या गुणवंतराव सरोदेंकडे गेले. १९९८ ला एरंडोल भाजपचे, जळगाव काँग्रेसच्या डॉ. उल्हास पाटलांचे. एकाच जिल्ह्यातले दोन मतदारसंघ एकाच दिवशी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे. त्याची कारणे जातीत शोधणारे जातीत शोधतात, कारण केळीपट्ट्यातला समाज आणि गिरणा-बोरीकाठचा समाज यांची घडण निराळी आहे. कोणी ती उमेदवारांत शोधतात. माझे मत असे की सरकार कोणाचे यापेक्षा उमेदवाराकडे आपल्याला जाता येते का, हे आपल्या मतदाराने जास्त पाहिले. 'आमना गावना माणूस शे' हे वाक्य खानदेशात किती कामाला येते, ते कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला विचारा.

आता त्या प्रसंगाकडे वळतो, ज्यामुळे एरंडोलचे नाव देशभर झाले, आणि चांगल्या कारणाने झाले नाही.

१२ डिसेंबर २००५ ला एका वृत्तवाहिनीवर छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण दाखवले गेले. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार, असा त्याचा विषय. लोकसभेने पवनकुमार बन्सल यांची चौकशी समिती नेमली आणि २३ डिसेंबरला, म्हणजे अकराव्या दिवशी, लोकसभेच्या दहा सदस्यांना सभागृहातून काढून टाकले. राज्यसभेतून आणखी एकाला काढले. त्या दहांत एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील होते आणि जळगावचे वाय. जी. महाजनही होते. एकाच जिल्ह्याचे दोन्ही खासदार. देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यावर ही पाळी आली नाही.

प्रश्न खासदारांचा होता तसा मतदारांचाही होता. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला सभागृह घालवू शकते का? सभागृहाची अब्रू राखायची तर असा अधिकार हवा, असे एका बाजूचे म्हणणे. निवडले लोकांनी, तर काढायचेही लोकांनीच, असे दुसरीचे. हा वाद जुना आहे. इंग्लंडात १७६९ साली मिडलसेक्स परगण्याचे प्रतिनिधी जॉन विल्क्स यांना पार्लमेंटने काढले. मतदारांनी त्यांना पुन्हा निवडले. सभागृहाने पुन्हा नाकारले. असे एकामागून एक होत गेले, आणि शेवटी सभागृहाने हरलेल्या उमेदवारालाच निवडून आला असे ठरवून टाकले! तेरा वर्षांनी त्याच पार्लमेंटने ते ठराव आपल्या दप्तरातून पुसून टाकले. आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबईचे एच. जी. मुदगल यांच्यावर सराफांच्या एका संस्थेसाठी पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला होता, त्यांनी ठराव मंजूर होण्याआधी राजीनामा दिला. २००५ चे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जानेवारी २००७ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला की संसदेला हा अधिकार आहे.

या साऱ्यात एक गोष्ट कोणी फारशी बोलले नाही. डिसेंबर २००५ पासून २००७ मधल्या पोटनिवडणुकीपर्यंत, एक वर्षाहून अधिक काळ, जळगाव जिल्ह्यातल्या या दोन्ही मतदारसंघांना लोकसभेत बोलणारा माणूस नव्हता. कापसाचा भाव असो की केळीची रेल्वे वाघीण, लोकसभेत आपल्या नावाने उभे राहणारे कोणी नाही. विदर्भात आणि इकडेही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा होत होती ती याच वर्षांत. चूक केली असेल तर ती माणसांनी, आणि खुर्ची रिकामी राहिली ती लाखो मतदारांची. प्रतिनिधीला शिक्षा करताना मतदाराला झळ बसू नये याची काही सोय कायद्यात असायला हवी होती. पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यावी असा दंडक आहे, पण प्रकरण न्यायालयात अडकले की दंडकही अडकतो.

आणि मग २००७ ला मतदारांना विचारले गेले. दोन्हीकडे प्रसंग तोच, आरोप तोच, पक्ष तोच. जळगावच्या मतदारांनी पुन्हा भाजपलाच निवडले, माणूस फक्त नवा, हरिभाऊ जावळे. एरंडोलच्या मतदारांनी पक्षच बदलला आणि राष्ट्रवादीच्या वसंतराव मोरेंना पाठवले. केळीपट्ट्यातल्या माणसाने म्हटले की खोट माणसात होती, पक्षात नव्हती. पलीकडच्याने म्हटले की उमेदवारी देणाऱ्यानेही उत्तर द्यावे. यांतले बरोबर कोणते ते मी सांगणार नाही. दोन्ही उत्तरे विचार करून दिलेली दिसतात एवढेच म्हणतो. एरंडोलने पहिल्यांदा दिल्लीच्या सरकारविरुद्ध कौल दिला होता तो २००४ ला, त्याची मुदत ही अशी संपली, आणि शेवटचा खासदार पुन्हा केंद्रातल्या सत्ताधारी आघाडीचा झाला.

मोरेंना दोन वर्षे मिळाली. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून नवे नकाशे तयार केले होते, ते फेब्रुवारी २००८ मध्ये लागू झाले. जागांची एकूण संख्या तीच, कारण ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली. फक्त आतल्या सीमा हलवल्या. खानदेशात त्या बऱ्याच हलल्या. धुळे पुन्हा खुले झाले आणि त्याला मालेगाव व बागलाण जोडले, साक्री आणि शिरपूर नंदुरबारकडे गेले. म्हणजे साक्रीचा माणूस कचेरीच्या कामाला धुळ्याला जातो आणि खासदार नंदुरबारचा निवडतो. रावेर नावाचा नवा मतदारसंघ झाला, त्यात बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूर आले. आणि अमळनेर, चाळीसगाव, पाचोरा, एरंडोल हे सारे जळगाव शहर आणि जळगाव ग्रामीणसह जळगाव या नावाखाली गेले.

इथे इतिहास लिहिणाऱ्याची गडबड होऊ शकते. जळगाव लोकसभेच्या विजेत्यांची यादी वाचली तर ती १९५२ पासून २०२४ पर्यंत एकसंध दिसते. पण २००७ पर्यंतचे जळगाव म्हणजे मुख्यतः रावेर, यावल, भुसावळकडचा मुलूख, आणि २००९ पासूनचे जळगाव म्हणजे बराचसा जुना एरंडोल. पाटी तीच, आतले मतदार बदललेले. 'जळगाव अमुक वर्षांपासून अमुक पक्षाचा गड' अशी वाक्ये निवडणुकीच्या दिवसांत वाचायला मिळतात. ती लिहिताना कोणते जळगाव ते सांगायला हवे. जावळेंनी हे बरोबर ओळखले होते. ते जळगावचे खासदार असूनही २००९ ला रावेरहून उभे राहिले, कारण त्यांचे मतदार तिकडे गेले होते, आणि जिंकले. मोरे जळगावहून उभे राहिले आणि भाजपच्या ए. टी. नाना पाटलांकडून हरले.

नवीन जळगावने त्यानंतर जे खासदार दिले ते पाहा. ए. टी. नाना पाटील पारोळ्याकडचे. २०१९ चे उन्मेष पाटील त्याआधी चाळीसगावचे आमदार. २०२४ ला निवडून आलेल्या स्मिता वाघ अमळनेर तालुक्यातल्या. म्हणजे नाव जळगावचे चालते आहे आणि माणसे जुन्या एरंडोलच्याच मातीतली. दहा निवडणुकांत एरंडोलने एकही बाई पाठवली नव्हती, तीही उणीव जळगावच्या नावाखाली भरून निघाली.

विधानसभेच्या यादीत एरंडोल आहे. त्याच पुनर्रचनेत पारोळा नावाचा विधानसभा मतदारसंघ रद्द झाला आणि पारोळा तालुका एरंडोलला जोडला गेला. धरणगावकडचा भाग एरंडोलमधून निघून जळगाव ग्रामीणमध्ये गेला, आणि एरंडोलचे त्या वेळचे आमदार गुलाबराव पाटील तिकडे उभे राहू लागले. पारोळ्याचे आमदार चिमणराव पाटील एरंडोलचे झाले. २०२४ ला त्यांचे चिरंजीव अमोल पाटील तिथून निवडून आले. पारोळ्याचे लोक आज एरंडोलला मत देतात, आणि पारोळा हे नाव आता कोणत्याच सभागृहाच्या कंसात छापले जात नाही.